घोकायचं काय आणि बघून घ्यायचं काय? कोडिंग मुलाखतीची तयारी

अर्धविराम

जावा बॅकएंडच्या मुलाखतींची तयारी चालू आहे, त्यासाठी जाणकारांची मतं हवी आहेत.

परिस्थिती नेहमीचीच. पाऊण तासाची फेरी, ब्राउझरमध्ये उघडणारा साधा एडिटर, सुचवण्या बंद, 'रन'चं बटण असलं तर असलं. रोजच्या कामात इंटेलिजे या कोड एडिटरमध्ये तीन अक्षरं मारली की पुढचं आपोआप येतं. कोऱ्या खिडकीत मात्र मॅपमधल्या नोंदींवर फिरायचा लूपही अडखळत लिहिला जातो. उपाय म्हणून अँकी या उजळणी-कार्डांच्या अ‍ॅपमध्ये चारशेच्या आसपास कार्डं झाली आहेत: स्ट्रिंगच्या झाडून सगळ्या मेथड्स, कलेक्शन्सच्या सगळ्या, स्ट्रीम्सचे कलेक्टर्स, हॅशमॅपची सुरुवातीची क्षमता १६, लोड फॅक्टर (टेबल किती भरलं की वाढवायचं ते प्रमाण) ०.७५ वगैरे.

एक मत असं की ही निव्वळ पोपटपंची आहे, कामावर कोण पाठ म्हणून दाखवतं? दुसरं असं की मुलाखतीत शोधू देत नाहीत, तेव्हा पाठ हवंच. यातलं काय ठेवावं, काय टाकावं, आणि ठेवलेलं पक्कं कसं करावं? 'सराव करा' सोडून काहीही चालेल. :)

टपरीवरचा कंपायलर

चारशेपैकी तीनशे टाका. कोणती ते ठरवायला एक कसोटी पुरते: हे चुकलं तर कोण सांगेल?

अ‍ॅरेला 'लेंग्थ' कंसाशिवाय, स्ट्रिंगला कंसासह, लिस्टला 'साइझ'. इथे गोंधळ झाला तर कंपायलर बोंब मारतो आणि दोन सेकंदांत दुरुस्ती होते. याउलट काही चुका कंपाइल होतात, छोट्या उदाहरणावर बरोबर उत्तरही देतात आणि मोठ्या इनपुटवर आपटतात. त्या डोक्यातच असाव्या लागतात, कारण त्या शोधायला तुम्ही जाणारच नाही. शोधायला आधी शंका यावी लागते. जावातल्या अशा काही:

इंटिजर ऑब्जेक्ट्सची तुलना दोन बरोबर चिन्हांनी करणं. −१२८ ते १२७ हे आकडे कॅशमधून येतात, म्हणून १२७ आणि १२७ 'सारखे', पण १२८ आणि १२८ 'वेगळे'. प्रश्नासोबत दिलेल्या उदाहरणात आकडे लहानच असतात, त्यामुळे तिथे सगळं हिरवं दिसतं. 'इक्वल्स' वापरा.

कम्पॅरेटरमध्ये (दोन घटकांत आधी कोण ते ठरवणाऱ्या कोडात) 'अ वजा ब' लिहिणं. एक आकडा २०० कोटी, दुसरा उणे २०० कोटी असला तर वजाबाकी ३२ बिटांत मावत नाही आणि चिन्ह उलटतं. 'इंटिजर.कम्पेअर' वापरा. यापुढची गंमत अशी, की कम्पॅरेटर स्वतःशीच विसंगत असेल तर जावाचं ऑब्जेक्ट्सचं सॉर्ट, म्हणजे टिमसॉर्ट, 'तुलनेचा करार मोडला' म्हणून एक्सेप्शन फेकू शकतं. पण घटक ३२ पेक्षा कमी असतील तर ते मर्जपर्यंत जातच नाही, इन्सर्शन सॉर्टवर भागवतं. म्हणजे दहा घटकांच्या टेस्टमध्ये हे एक्सेप्शन जन्मात दिसणार नाही.

इंटिजरांच्या लिस्टवर 'रिमूव्ह' ला १ दिला, तर १ हा आकडा निघत नाही, क्रमांक १ वरचा घटक निघतो.

'अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्ट' मधून आलेल्या लिस्टची लांबी ठरलेली असते. त्यात 'अ‍ॅड' केलं की कंपाइल होतं आणि चालवताना फुटतं.

फॉर-ईच चालू असताना त्याच अ‍ॅरेलिस्टमधून घटक काढणं. यात एक्सेप्शन येतं हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटून दुसरा घटक काढला तर येत नाही, हे फार थोड्यांना. कारण पुढे काही आहे का, हे तपासताना इटरेटर (लूपला पुढचा घटक देणारा) फक्त आपली जागा आणि साइझ सारखी आहे का ते बघतो. त्या एका वेळी ती सारखी होते, लूप गुपचूप संपतो आणि शेवटचा घटक बघितलाच जात नाही. 'रिमूव्हइफ' वापरा, विषय संपला.

लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवत जाणं. उत्तर बरोबर येतं, पण वेळ लांबीच्या, म्हणजे एनच्या, वर्गाने वाढतो. 'सबस्ट्रिंग' सुद्धा फुकट नाही: जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून ते अक्षरांची नक्कल करतं.

ही कार्डं ठेवा. स्ट्रीम्सचे कलेक्टर्स आधी टाका.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. शेवटून दुसऱ्या घटकाचं खरंच माहीत नव्हतं.

पाढेवाला

टपरीवाले, कसोटी चांगली आहे पण अर्धीच आहे. 'कंपायलर सांगेल ते पाठ करू नका' हे पटलं नाही. अडखळण्याची किंमत दोन सेकंद नसते, हातातला विचार निसटतो ही असते.

तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी कशासाठी घोकून घेत? बारा सत्ते चौऱ्याऐंशी हे सात वेळा बारा मिळवूनही काढता येतं. पण व्याजाचं गणित मांडताना मध्येच बेरजेला बसलं, तर मुद्दल किती होतं तेच विसरायला होतं. कोडिंगमध्ये नेमकं तेच होतं. ग्राफमध्ये बीएफएस (रांग वापरून थराथराने फिरणं) लावायचं, भेट दिलेले नोड रांगेत टाकताना नोंदवायचे की काढताना, हा विचार चालू असताना 'क्यू ही इंटरफेस आहे की क्लास?' हा प्रश्न आडवा आला की पहिला विचार गेला.

(ता.क. नोंद टाकतानाच करायची. काढताना केली तर एकच नोड अनेक वेळा रांगेत जातो, आणि दाट ग्राफमध्ये रांग नोडऐवजी कडांच्या संख्येएवढी फुगू शकते.)

१९८१ मध्ये मॅककीथन आणि सहकाऱ्यांनी नवशिक्या आणि मुरलेल्या प्रोग्रामरांना काही वेळ प्रोग्राम दाखवून तो आठवून लिहायला सांगितला होता. नीट क्रमातला प्रोग्राम मुरलेल्यांना खूप जास्त आठवला. त्याच ओळी उलटसुलट करून दाखवल्या, तेव्हा फरक उरला नाही. अनुभवी माणसाची स्मरणशक्ती मोठी नसते, त्याचे घास मोठे असतात. 'मॅपमध्ये मोजणी करा' हा त्याच्यासाठी एक घास, नवशिक्यासाठी सहा.

तेव्हा मेथड्सची यादी पाठ करू नका, घास पाठ करा. जावासाठी एवढे पुरतात: मॅपमध्ये मोजणी, मॅपमध्ये लिस्ट जमवणं ('कम्प्युटइफअ‍ॅबसेंट'), नोंदींवर फिरणं, दोन निकषांवर सॉर्ट, प्रायॉरिटी क्यूत स्वतःचा क्रम, अ‍ॅरेडेकचा स्टॅक म्हणून आणि क्यू म्हणून वापर, ग्रिडमध्ये चार दिशांना फिरणं, बीएफएस, रिकर्शनने डीएफएस (एका वाटेने आधी खोलवर जाणं), बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग टाकत शोधणं), सरकती खिडकी, स्ट्रिंगबिल्डर. डझनभर. प्रत्येक पाचसात ओळींचा, फार तर पंधरा.

नकारघंटा

घास ठीक, पण बायनरी सर्चचा साचा पाठ करायला सांगू नका. तिथेच सगळे मरतात.

लूपची अट एका साच्यातली आणि लो (शोधाच्या भागाचं डावं टोक; उजवं ते हाय, मधली जागा मिड) हलवायची ओळ दुसऱ्या साच्यातली, असं मिश्रण फळ्यावर हमखास येतं. दोन घटक उरल्यावर मिड खालच्या बाजूला येतो, कोड लो = मिड करतो, लो जागचा हलत नाही आणि लूप अनंत. साचा आठवतो, तो का चालतो ते आठवत नाही.

त्याऐवजी एक वाक्य पाठ करा: 'लोच्या डावीकडचं सगळं लक्ष्यापेक्षा लहान, हायपासून उजवीकडचं सगळं लक्ष्याएवढं किंवा मोठं.' बाकी कोड त्या वाक्यातून आपोआप पडतो. सुरुवातीला दोन्ही बाजू रिकाम्या, म्हणून लो = ० आणि हाय = एन, एन वजा १ नाही. मधलं अज्ञात उरलंय तोवर, म्हणजे लो < हाय असेतो फिरा. मिडवरचा घटक लहान असेल तर तो डाव्या गटात, म्हणून लो = मिड + १. नसेल तर तो उजव्या गटात, म्हणून हाय = मिड. संपल्यावर लो हीच लक्ष्याएवढ्या किंवा मोठ्या पहिल्या घटकाची जागा. असा घटकच नसेल तर लो = एन, आणि वाचण्याआधी ते तपासायचं. शेवटची जागा हवी असेल तर 'लक्ष्यापेक्षा मोठा पहिला' शोधा आणि एक मागे या. नवा साचा लागत नाही.

आणि मिड = लो + (हाय − लो) / २. लो आणि हायची थेट बेरीज २१४,७४,८३,६४७ च्या वर गेली की ऋण होते. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत सुमारे नऊ वर्षं होती आणि २००६ मध्ये उघड झाली. अ‍ॅरेत शंभर कोटींहून जास्त घटक असल्याशिवाय ती दिसतच नाही, म्हणून एवढी टिकली. टपरीवाल्यांच्या कसोटीला याहून चांगलं उदाहरण नाही.

पाढेवाला

मान्य. त्या वाक्यालाच मी घास म्हणेन. :)

तिसरी फेरी

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूने थोडं लिहिते, कारण वर सगळे एकच मुलाखत गृहीत धरत आहेत. मुलाखती दोन जातींच्या असतात आणि त्यांचं पाठांतर वेगळं.

पहिली जात, समोर माणूस. इथे मेथडचं नाव चुकलं म्हणून कोणी गुण कापत नाही, निदान शहाणा माणूस कापत नाही. कागदावर सहसा चार-पाच रकाने असतात: प्रश्न नीट विचारून घेतला का, पद्धत निवडताना खर्च सांगितला का, कोड सुसंगत आहे का, स्वतः तपासला का, अडल्यावर बोलला का. नाव आठवत नसेल तर गप्प बसून डोकं खाजवू नका, मोठ्याने सांगा: 'मॅपमध्ये नसलेल्या कीसाठी (नोंद ज्या नावाने शोधतो त्यासाठी) ठरावीक मूल्य देणारी मेथड आहे, नाव बहुतेक गेटऑरडिफॉल्ट, ती नसेल असं धरलं तर आधी असण्याची तपासणी करून लिहितो.' यातून तीन गोष्टी कळतात: सोय आहे हे माहीत आहे, तिच्यावाचून अडत नाही, आणि खात्री कुठे संपते ते प्रामाणिकपणे सांगता येतं. पण ट्रीमॅपमध्ये शोधायला किती वेळ लागतो हे 'बघून सांगतो' म्हटलं तर चालत नाही. त्यावर तर रचनेची निवड उभी आहे.

सुरुवातीलाच विचारा: कोड चालवणार आहोत का? अधिकृत डॉक्युमेंटेशन बघितलं तर चालेल का? चालेल म्हणाले तर स्क्रीन दाखवूनच बघा, आणि शोध अरुंद ठेवा: क्लासचं नाव आणि मेथड, एवढाच. अख्खा प्रश्न शोधपट्टीत चिकटवला की फेरी संपली म्हणून समजा. न विचारता दुसऱ्या खिडकीत बघणं कळत नाही असं वाटतं, पण कळतं. डोळे एका बाजूला जातात, टाइपिंग थांबतं आणि मग सहा ओळी एका दमात, एकही खोडाखोड न करता येतात.

दुसरी जात, समोर मशीन. ऑनलाइन चाचणी, लपवलेल्या टेस्ट केसेस, कंपाइल झालं नाही तर शून्य. इथे बोलून काही वाचत नाही, म्हणून इथे पाढेवाल्यांचं बरोबर आहे: नावंसुद्धा पाठ हवीत. त्यातही इनपुट वाचण्याचा भाग. 'स्कॅनर'ने दहा लाख आकडे वाचायला घेतले तर बरोबर अल्गोरिदमही वेळेत संपेलच असं नाही. 'बफर्डरीडर' आणि 'स्ट्रिंगटोकनायझर' ची जोडी हाताला बसवा. स्कॅनरच वापरायचा असेल तर 'नेक्स्टइंट' नंतर लगेच 'नेक्स्टलाइन' केलं की रिकामी ओळ मिळते, कारण आकड्यामागचं एंटर तसंच पडून असतं. सी++ मध्ये स्टॅंडर्ड इनपुटचं सिंक बंद करायची ओळ आणि 'एंडएल' ऐवजी साधी नवी ओळ, कारण एंडएल दर वेळी बफर रिकामा करतं. पायथनमध्ये साध्या 'इनपुट' ऐवजी 'सिस' मधून वाचणं.

आणखी एक. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ जणांना एकच प्रश्न दोन प्रकारे दिला: काहींना मुलाखतकारासमोर मोठ्याने बोलत फळ्यावर, काहींना बंद खोलीत एकट्याने. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. घरी 'जेमतेम आठवतं' ते तिथे आठवणार नाही, असं धरूनच चाला.

जुनी प्रयोगशाळा

कॅम्पसच्या मुलांसाठी एक भर. सी भाषेतल्या 'आउटपुट सांगा' छाप प्रश्नांची उत्तरं पाठ करू नका. आय++ अधिक ++आय याला उत्तर नाही. एकाच अभिव्यक्तीत एक चल दोनदा बदलला आणि मधला क्रम ठरलेला नसला, तर सीच्या मानकानुसार वर्तन अनिर्धारित. एखाद्या कंपायलरवर १२ आलं म्हणून ते १२ होत नाही.

तसंच 'इंटचा आकार २ बाइट'. ते टर्बो सीच्या १६ बिटांच्या जगातलं, जिथे इंट ३२,७६७ वर संपायचा. आजच्या नेहमीच्या मशीनवर ४. आपल्याकडच्या प्रश्नसंचांत दोन्ही काळ शेजारीशेजारी नांदतात.

पाठ करण्यासारखं काय? उणे १ आणि 'साइझऑफ' ची तुलना: साइझऑफ (आकार बाइटमध्ये सांगणारं) अनसाइन्ड, म्हणजे ऋण होऊ न शकणारं, असतं, त्यामुळे उणे १ प्रचंड मोठा आकडा होतो आणि 'उणे १ लहान आहे का' याचं उत्तर 'नाही' येतं. फंक्शनला दिलेल्या अ‍ॅरेवर आत साइझऑफ घेतलं तर पॉइंटरचा आकार मिळतो, ६४ बिटांवर ८, अ‍ॅरेत शंभर घटक असले तरी. ही नियमांची उत्तरं आहेत, कंपायलर बदलला म्हणून नियम बदलत नाही.

पर्यायांत 'अनिर्धारित' असेल तर तोच निवडा. नसेल आणि चुकीला गुण कापत असतील, तर सोडून पुढे जा. पेपर काढणाऱ्याच्या मशीनवर काय आलं असेल, ते ओळखण्यात मिनिटं घालवू नका.

शून्य नव्हे नल

एसक्यूएलचं कोणी बोललं नाही. बॅकएंडच्या फेरीत ते हमखास येतं, आणि इथे पाठांतराची वाटणी फार स्वच्छ आहे.

पाठ करा: विचार करण्याचा क्रम. फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, सिलेक्ट, ऑर्डर बाय. लिहिताना सिलेक्ट पहिलं, पण घडतं शेवटून दुसरं. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये का चालत नाही, बेरजेवरची अट हॅविंगमध्ये का जाते, दोन्हीचं उत्तर या क्रमात आहे.

पाठ करा: नलचे, म्हणजे न भरलेल्या मूल्याचे, तीन फटके. 'नॉट इन' च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तर एकही ओळ मिळत नाही, कारण 'याच्याएवढं नाही ना?' याचं नलपुरतं उत्तर 'माहीत नाही' असतं. 'नॉट एक्झिस्ट्स' लिहा. 'काउंट' ला स्तंभाचं नाव दिलं तर नल वगळले जातात, तारा दिला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात. आणि लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये टाकली, तर जुळणी नसलेल्या ओळी गळतात आणि मुकाट्याने इनर जॉइन होतो. ती अट 'ऑन' मध्ये जाते.

पाठ करा: क्रमांक देणारी तीन फंक्शन्स. पगार ९०, ९०, ८० असतील तर रो-नंबर १, २, ३ देतं, रँक १, १, ३ आणि डेन्स-रँक १, १, २. 'दुसरा सर्वात मोठा पगार' म्हटलं की डेन्स-रँक. उतरत्या क्रमाने लावून एक ओळ सोडून पुढची घेतली, तर इथे पुन्हा ९० च मिळतात.

पाठ करू नका: तारखांची फंक्शन्स. मायएसक्यूएलचं वेगळं, पोस्टग्रेसचं वेगळं. 'इथे तारीख महिन्यापर्यंत छाटतो' असं सांगा आणि पुढे जा.

दहा भाषा एक पोट

एकापेक्षा जास्त भाषा वापरणाऱ्यांसाठी: न आठवणं परवडतं, चुकीचं आठवणं महाग पडतं. आपण एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत आठवतो आणि खात्रीने लिहितो.

हीप (प्रायॉरिटी क्यूमागची रचना): जावा आणि पायथनमध्ये सर्वात लहान वर, सी++ च्या प्रायॉरिटी क्यूत सर्वात मोठा वर.

उणे ७ भागिले २: जावा आणि सीमध्ये −३, बाकी −१. पायथनच्या पूर्णांकी भागाकारात −४, बाकी १. वर्तुळाकार अ‍ॅरेत मागे जाताना हे नडतं. जावात बाकीत एन मिळवून पुन्हा बाकी घ्या.

मॅपमध्ये नसलेलं मागितलं तर: पायथन एरर देतं, जावा नल देतं आणि तो इंटमध्ये घेताना फुटतो, सी++ मध्ये चौकोनी कंस वापरले तर नवी नोंदच तयार होते, म्हणजे नुसतं 'आहे का' बघताना मॅप वाढत जातो.

सॉर्ट: जावास्क्रिप्ट काही सांगितलं नाही तर सगळं अक्षरांप्रमाणे लावते, १०, ९, १ चं १, १०, ९ होतं. पायथनमध्ये लिस्टचं 'सॉर्ट' जागच्या जागी लावतं आणि 'नन' परत देतं. 'सॉर्टेड' नवी लिस्ट देतं. सी++ चं साधं सॉर्ट सारख्यांचा मूळ क्रम राखायची हमी देत नाही, आणि त्याच्या कम्पॅरेटरमध्ये 'लहान' ऐवजी 'लहान किंवा समान' लिहिलं तर प्रोग्राम कोसळूही शकतो.

मुलाखतीसाठी एकच भाषा धरा. शेवटच्या दोन आठवड्यांत दुसरी उघडूही नका.

कुंपणावर

हे सगळं ठीक, पण गूगलमुळे आपली स्मरणशक्ती जातेय हे विज्ञानाने सिद्ध केलंय ना? आता तर एआय पण आलंय.

नकारघंटा

'सिद्ध' नको. तुम्ही बहुधा २०११ चा सायन्समधला स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध म्हणताय. त्यातला एक प्रयोग इतरांनी पुन्हा करून बघितला, २०१८ मध्ये निकाल आला, तो जुळला नाही. त्या निबंधातलं 'माहितीपेक्षा ती कुठे ठेवली ते जास्त लक्षात राहतं' हे निरीक्षण आपल्या कामाचं आहे, पण त्यासाठी घाबरायला नको. लॉग टेबल होतंच की बारावीला. ते कोणी पाठ करत नव्हतं, कुठल्या रकान्यात बघायचं ते पाठ होतं.

एआयचं म्हणाल तर टपरीवाल्यांची यादी तिथे आणखी महत्त्वाची. 'अ वजा ब' वाला कम्पॅरेटर मशीननेही लिहून दिला तर तो अगदी नीटनेटका दिसतो. शंका तुम्हालाच यायला हवी.

रविवारची उजळणी

मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिला: पक्कं कसं करायचं.

कार्डं आधी बनवायचीच नाहीत. आधी चुका जमवायच्या, मग त्यांची कार्डं. रीत अशी:

पाढेवाल्यांच्या डझनातला एक घास घ्या. साधा नोटपॅड उघडा, किंवा इंटेलिजेच्या फाइल मेनूतला पॉवर सेव्ह मोड चालू करा म्हणजे सुचवण्या आपोआप उघडत नाहीत. व्हीएस कोडमध्ये सेटिंगमधून क्विक सजेशन्स बंद करा. घड्याळ लावून दहा मिनिटांत कोऱ्यावर लिहा, इम्पोर्टसकट. मध्ये काहीही बघायचं नाही, अडलं तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे. मग टर्मिनलवरून चालवा. जावा ११ पासून एकच फाइल असेल तर 'जावा' आणि फाइलचं नाव एवढं पुरतं, वेगळं कंपाइल करावं लागत नाही. जेवढे एरर आले आणि जेवढी प्रश्नचिन्हं उरली, तेवढीच कार्डं. बाकी तुम्हाला येतंय, त्याला कार्ड कशाला?

दुसऱ्या दिवशी तोच घास पुन्हा कोऱ्यावर. मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने. हे आकडे काही पवित्र नाहीत, अंतर वाढत जाणं महत्त्वाचं. लागोपाठ दोनदा स्वच्छ चालला तर यादीतून काढा.

वाचून उजळणी करू नका. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग इथे लागू पडतो: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने, मध्ये स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. वाचताना 'हे येतंय' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांचं असतं.

कार्डाची भाषाही बदला. 'रिमूव्ह काय करतं?' हे वाईट कार्ड. 'लिस्ट ५, १, ७. रिमूव्ह १ नंतर काय उरेल?' हे चांगलं. उत्तर ५, ७ आलं, पण 'एक हा आकडा काढला म्हणून' असं वाटलं, तर फसलात. इथे आकडा आणि जागा नेमके जुळलेत, म्हणून कार्डात ५, ७, १ घ्या. उदाहरण निवडताना असं बघावं लागतं.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. चारशेतली चाळणी करून एकाहत्तर उरली, त्यातली बरीच टपरीवाले आणि शून्य नव्हे नल यांच्या यादीतली. कलेक्टर्स गेले. बायनरी सर्चचे तीन साचे गेले, एक वाक्य आलं.

दोन कार्डांबद्दल शंका: 'हॅशमॅपमध्ये शोध नेहमी ओ ऑफ १' (नोंदी कितीही असोत, वेळ तेवढाच) आणि तो १६ व ०.७५. ठेवू की टाकू?

टपरीवरचा कंपायलर

पहिल्यातला 'नेहमी' खोडा. सरासरी १. जावा ८ पासून एका बकेटमध्ये (टेबलाच्या कप्प्यात) आठाहून जास्त नोंदी साचल्या आणि टेबल किमान ६४ चं असलं, की त्या बकेटचं लाल-काळं झाड होतं. म्हणून त्या नोंदींच्या कीची तुलना करता येत असेल तर वाईटात वाईट लॉग एन. त्याआधी साखळी होती, म्हणजे एन. ८ आणि ६४ विसरलात तरी चालेल; झाड का होतं ते सांगता आलं पाहिजे.

दुसऱ्यातला १६ टाका. ०.७५ ठेवा, पण असं विचारा: एक लाख नोंदी येणार हे माहीत आहे, कन्स्ट्रक्टरला एक लाख दिले, टेबल मध्येच वाढेल का?

अर्धविराम

नाही वाढणार. लाखाची जागा आधीच दिली ना?

टपरीवरचा कंपायलर

वाढेल. टेबलाचा आकार दोनाच्या घातात, म्हणून १,३१,०७२ होतो. त्याचे पाऊणपट ९८,३०४. लाखाला पोचायच्या आत ते ओलांडलं जातं आणि सगळ्या नोंदी नव्या टेबलात हलतात. नोंदी भागिले ०.७५ एवढी क्षमता द्यायची, म्हणजे सुमारे १,३३,३३४. जावा १९ पासून नोंदींचीच संख्या घेणारी एक स्टॅटिक मेथड हॅशमॅपवर आली आहे. नाव डॉक्युमेंटेशनमध्ये बघा.

पाढेवाला

पाऊणकी पाठ असती तर चटकन आलं असतं हो. :)